परातीतलं पिवळं पाणी

औशाच्या अलीकडे चिंचेखाली ही गर्दी! लातूरचा नवा जिल्हा झाला होता, पण गावात पाणी नव्हतं. विहिरीच्या तळाचा गाळ पिऊन घरोघर कावीळ झाली होती, आणि माणिकप्पा महाराज ती हातांतून उतरवून देत होते.

"बगा, रगतातलं ईख कसं भायेर पडायलंय!"

आधी हातांना तीर्थ चोळायचं, मग वरून चुन्याची निवळी. परातीत पाणी पिवळंधमक उतरे. बाया हात जोडत.

हैदराबादच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारी चांगुणा रांगेबाहेर उभी होती. मागच्या महिन्यात याच परातीत तिच्या बापाचे, निवृत्तीचे, हात धुतले होते. "निघालं बग, चांगू," म्हणून तो हसला होता. त्या हसण्यापुढे तिने दवाखान्याची गोष्ट गिळून टाकली. आठवड्यात बाप गेला.

आज साखराबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. काविळीने पोर मलूल पडली होती.

"आजी, हिला लातूरला न्या."

"गप गं! एवढी शिकलेली, तूच आनलंस की बापाला हितं!"

महाराजांनी ते वरच्यावर झेललं. "ऐका! इद्यापीठसुदीक आमच्या पायाशी येतंय!"

लोक हसले. चांगुणाला जमीन दुभंगावी असं झालं. तरी ती परातीसमोर बसली.

"माझे हात धुवा. मला कावीळ न्हाई."

महाराज बिलंदर. त्यांनी नुसती निवळी ओतली. पाणी तसंच राहिलं.

"बगा! निरोगी हाय म्हनून पिवळं न्हाई!"

"अन् तीर्थ चोळायचं इसरलात व्हय?"

कोणी अडवायच्या आत तिने तीर्थाच्या तांब्यात हात बुचकळले आणि निवळी ओतून घेतली. पाणी पिवळंधमक! तांब्याच्या तळातून तिने सालीचा तुकडा काढला.

"आंब्याच्या झाडाची साल. हिच्या रसाला चुना लागला की पिवळं होतं. हात कुणाचेबी असूद्यात."

साखराबाई हळूच म्हणाली, "मंग तुज्या बापाचं?"

"तेबी हेच. प्रयोगशाळेत निरोगी नमुना शेजारी ठेवल्याबिगर मी कशावर इश्वास ठेवत न्हाई, आजी. बापाच्या टायमाला माझेच हात पुढं करायचं सुचलं न्हाई."

साखराबाईने पोर तिच्या हातांत दिली. लातूरच्या गाडीत चांगुणाची पिवळी बोटं पोरीच्या पाठीवर होती.

वाचकहो, पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की दवाखाना गाठा. आणि चमत्कार दिसला, तर आधी निरोगी माणसाचे हात त्याच परातीत धुऊन बघा. आपलं माणूस जिवंत आहे तोवर.