पहिल्या नंबराचा फेटा

वैशाखातल्या सकाळचा उजेड आमच्या शाळेत घाईने येत नसे. आधी तो समोरच्या पानमळ्यातल्या शेवरींच्या शेंड्यांवर थांबे. तिथे त्याला रंग असा नसे. शेंडे आकाशापासून वेगळे दिसू लागत, एवढेच. मग तो शाळेच्या कौलांवर येई, एकेका कौलाची कड उजळवी आणि बराच वेळ तिथेच रेंगाळे, खाली उतरण्याचे अजून ठरलेले नसावे तसा. पूर्वेच्या खिडकीला गज होते, झडपा केव्हाच निखळल्या होत्या. त्या गजांतून आत आलेल्या पट्ट्या प्रथम समोरच्या भिंतीवर उंच, चुन्याचे पोपडे सुटले होते तिथे पडत. तिथून त्या हिंदुस्थानच्या नकाशाच्या मळकट कापडावरून खाली सरकत, डोंगर-नद्या ओलांडत फळ्यापाशी येत. फळा उजेड परत देत नसे. तो सगळा गिळून टाकी आणि आदल्या दिवशीच्या अर्धवट पुसलेल्या बेरजेची भुकटी तेवढी वर ठेवी. सर्वांत शेवटी पट्ट्या जमिनीवर उतरत. जमीन मुलींनी शेणाने सारवलेली असे, आणि त्या तिरप्या उजेडात त्यांच्या बोटांचे फराटे उठून दिसत. काही मोठे, काही लहान, एखादा मध्येच सोडून दिलेला. मी शाळेच्याच मागच्या खोलीत राहत असे, त्यामुळे हे सारे पाहायला मी बहुधा एकटाच असे. कुणाला सांगावे असे त्यात काही नव्हते. तरी उजेड फराट्यांपर्यंत पोहोचला, की दिवस सुरू करण्याचे बळ मला येई.

त्या दिवशी मात्र पट्ट्या नकाशावर असतानाच बाहेर हलगी वाजू लागली.

१९५५ साली उन्हाळ्याच्या सुटीआधीचा शाळेचा तो शेवटचा दिवस होता. सातवीच्या, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेचा निकाल इंदापूरहून आला होता, आणि केंद्रात पहिला क्रमांक निमगाव केतकीचा, आमच्या शाळेचा होता. अशा वेळी कौतुक करण्याची गावाची स्वतःची एक रीत होती. बक्षिसे वाटून झाली की गावातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ बापूसाहेब पहिल्या आलेल्या मुलाला आपल्या हाताने फेटा बांधत. तो बांधला गेला, की त्या मुलाचे पुढचे शिक्षण साऱ्या गावाचे होई. बारामतीत निमगावची काही घरे व्यापारानिमित्त स्थायिक झाली होती. ती वार लावून त्याला जेवू घालत, आणि तो हायस्कुलात शिके. फेट्याचा मुलगा अर्ध्यातून परत येणे गावाला कमीपणाचे वाटे. आमचे मुख्याध्यापक रामहरी गुरुजी अभिमानाने सांगत, की आजवर एकही परत आलेला नाही.

या वर्षी पहिली आली होती ती जयवंता, सावळाराम पानमळेवाल्याची मुलगी.

तिच्याविषयी लिहिताना शब्द मोजून वापरावेत असे वाटते, कारण ती स्वतः तसे वापरी. गणित सुटले की इतर मुले हात वर करून ओरडत. ती पाटी उपडी ठेवी आणि खिडकीबाहेर बघत बसे. वर्गात गणित घातल्यावर मी नकळत त्या उपड्या होणाऱ्या पाटीची वाट पाहू लागलो होतो. एकदा फळ्यावर माझाच हिशेब चुकला. ती वर्गात काही बोलली नाही. सगळे गेल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, ती तिसरी वळ पुन्यांदा बघता का?" एवढेच म्हणून ती गेली; मला ती चूक एकट्याने सापडावी, म्हणून. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हे सौजन्य कुणी शिकवले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

शाळेपुढच्या लिंबाखाली घोंगड्या अंथरल्या होत्या. गावकरी जमले होते; बायका मागे, ओट्याच्या कडेला. मेजावर पितळी ताटात गुलाबी फेटा घडी करून ठेवला होता. त्याच्या शेजारी खण आणि नारळ दिसला. म्हणजे ओटी भरायचे ठरले होते. ओटी भरली की मान होईल, फोटो निघेल, आणि जयवंता उद्यापासून पानमळ्यात. फेटा बांधला, तरच ती बारामतीला जाणार होती.

"पोरीच्या डोक्याला फेटा कुठं बांधत्यात व्हय?" पुढे बसलेले दत्तोबा सरपंच म्हणाले. "वटी भरू. मानाचा मान झाला."

"आन् फेटा काय घडी करून पेटीत ठिवायचा?" शेजारच्या गेणबांनी विचारले.

"दुसऱ्या नंबराला बांधू."

"दुसरा नंबर कुनाचा म्हनायचा?"

दुसरा दत्तोबांचाच नातू आला होता. "काय योग हाय बघा," गेणबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, आणि घोंगड्यांवर हशा पिकला.

दत्तोबाही हसले, पण मग गंभीर झाले. "गेनबा, चेष्टा ऱ्हाऊ द्या. पोरगी हाय ती. आज ह्याच्या घरी, उद्या त्याच्या घरी, ताट घिऊन बारामतीत हिंडंल व्हय? मला माझ्या नातवाचं काय न्हाय. पर तिचं कोन बघनार तितं?"

यावर कुणी हसले नाही. सावळाराम टोपी हातात घेऊन गोल फिरवीत बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

रामहरी गुरुजींनी मला नावे वाचायला सांगितली. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की माझा आवाज खाली जाई. मी पहिलीपासून सहावीपर्यंतची नावे कशीबशी वाचली. "धाकट्या गुरुजींचा आवाज खोलीतच ऱ्हायला वाटतं," ओट्यावरून एक बाई म्हणाली. मुले येत होती, पेन्सिली आणि पुस्तके घेऊन, वाकून नमस्कार करून परतत होती. एका लहानग्याने बापूसाहेबांऐवजी मेजालाच नमस्कार केला. शेवटी मी जयवंताचे नाव वाचले.

ती पुढे आली. धुतलेला परकर, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. तिने ताटाकडे पाहिले. दोन्ही वस्तू तिला दिसल्या, आणि त्यांचा अर्थही कळला, हे मला समजले. कारण ती मान वळवून शाळेच्या भिंतीकडे बघू लागली.

दत्तोबांच्या पत्नी बनाबाई खण-नारळ घेऊन उठल्या. "द्वारके, ये गं. पोरीला पुढं घे."

जयवंताची आई द्वारकाबाई ओट्यावरून उतरली. ती मुलीच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिने स्वतःचा पदर पुढे केला.

"बनाबाई, वटी माझी भरा," ती म्हणाली.

"तुझी?"

"पोर मी जल्माला घातली. खन माझा, नारळ माझा. पर पेपर तिनं लिव्हला न्हवं? तिचं हाय ते तिला द्या."

बनाबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खरोखरच द्वारकाबाईच्या पदरात खण-नारळ घातला. "झाली बाई तुझी वटी," त्या म्हणाल्या, आणि पुरुषांकडे अशा काही नजरेने पाहिले, की दत्तोबा पानाच्या चंचीत काहीतरी शोधू लागले.

बापूसाहेब इतका वेळ पान चघळीत बसले होते. ते सावकाश म्हणाले, "द्वारके, बोललीस ते खरं हाय. पर दत्तोबाचं बी खोटं न्हाय. बारामतीला कुनाच्या घरात ठिवायची, त्ये सांग. एक घर सांग."

द्वारकाबाईकडे घर नव्हते. तिने सावळारामकडे पाहिले, सावळारामने टोपीकडे.

"जळोचीला माझी बहीण आहे," मी म्हणालो.

कुणालाच ऐकू गेले नाही. हातातला कागद मेजावर ठेवून मी पुन्हा म्हणालो. या वेळी गेणबांनी ऐकले. "गप बसा रं. गुरुजी काय तरी म्हनत्यात."

सारे माझ्याकडे बघू लागले. "जळोची बारामतीला लागूनच आहे. बहिणीची भाजीची शेती आहे. तिथून हायस्कूल चालत जाण्याजोगे आहे. एकच घर. वार लावायला नकोत."

"बहिनीला इचारलंय?" दत्तोबांनी विचारले.

"नाही."

हशा झाला. "पण ती नाही म्हणणार नाही," मी म्हणालो. हे मला इतक्या खात्रीने कसे ठाऊक होते, ते त्या क्षणी मला सांगता आले नसते.

बापूसाहेब उठले. "बांधतो," ते म्हणाले. "पर गुरुजी, ह्यो फेटा परत आला, तर तुमच्या डोक्याला बांधून गावातनं हिंडवीन."

फेटा बांधताना कापडाचे दुसरे टोक कुणीतरी ताणून धरावे लागते. ते दर वर्षी दत्तोबा धरीत. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी चंची बाजूला ठेवली, उठले आणि टोक धरले. "ताठ हुबी ऱ्हा गं," ते जयवंताला म्हणाले, "न्हाय तर तिरपा बसंल आन् माझं नाव हुईल."

पहिला वेढा तेलकट केसांवरून घसरला. दुसऱ्या वेळी वेणी आडवी आली. "आजवर इतकी डोकी बांधली," बापूसाहेब पुटपुटले, "आसलं गुळगुळीत बघितलं न्हाय." अखेर द्वारकाबाईने वेणीचा अंबाडा घालून दिला, आणि फेटा बसला. जयवंता तेव्हा हसली. आधी हसू दाबले, मग दाबले नाही. त्या गुलाबी कापडाखाली तिचा चेहरा मला अनोळखी आणि फार योग्य वाटला; आजवर तिच्यात जे उपड्या पाटीखाली झाकलेले होते, ते आता सर्वांसमक्ष उघडे उभे होते. हलगी सुरू झाली, आणि गुलाल उडाला.

बहिणीला विचारायला दुपारच्या एस.टी.ने मी, सावळाराम आणि जयवंता बारामतीला निघालो. वेस ओलांडल्यावर तिने फेटा न सोडता अलगद उतरवला आणि मांडीवर घेतला. सावळाराम रस्ताभर एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने म्हणत होता, "तुमची बहीन न्हाय म्हनली, तर संध्याकाळच्या गाडीनं परत येतो बगा."

माझी बहीण सिंधू जळोचीच्या वाफ्यात मेथीच्या जुड्या बांधीत होती. आम्हाला बघून ती उठली. "दादा, पावनं आणायचं तर सांगावा तरी धाडायचा," ती म्हणाली. मी सगळे सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. ऐकता ऐकता ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती जयवंताच्या हातातल्या फेट्याकडे बघत होती.

"कितवी आलीस?"

"पहिली."

"शाळेत का केंद्रात?"

"केंद्रात."

सिंधूने हात पदराला पुसले आणि फेटा हातात घेतला. बराच वेळ तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "ऱ्हा. आतली खोली तुझी. पर एक सांगून ठिवते, पहाटं भाजी खुडायला मी तुला उठवनार न्हाय, आन् तूबी उठायचं न्हाय."

"बाई, घरातल्या पोरीवानी कामाला लावा की," सावळाराम संकोचून म्हणाला.

"घरातल्या पोरींस्नी लई लावून झालं," ती म्हणाली, आणि हसली. मग जयवंताला जवळ बसवून घेत म्हणाली, "माझा बी पहिला नंबर आला हुता. चौथीत. फेटा न्हाय मिळाला, पर गुरुजींनी पेन्शील दिलती. ह्यो तुझा गुरुजी त्याच वर्गात हुता. माझ्याहून दोन वर्सांनी मोठा, आन् बसायचा माझ्या मागं."

"मागं का?" जयवंताने विचारले.

"माझी पाटी दिसाया."

जयवंता तोंडावर हात धरून हसली. मग तिने विचारले, "मंग पुढं?"

"पुढं काय. दोघांचं शिक्षन जमनार नव्हतं. दादा शिकला."

यात कडवटपणा नव्हता. उद्या बाजारचा वार आहे, हे जसे सांगावे, तसे तिने ते सांगितले, आणि खाली वाकून राहिलेली जुडी बांधायला घेतली. सिंधूला शाळेची ओढ नव्हती, असे आमच्या घरात नेहमी म्हटले जाई. आई तसे सांगे, वडील तसे सांगत, आणि कुणी विचारले तर मीही तसेच सांगत आलो होतो. सावळारामने टोपी डोक्यावर घातली. जयवंता न सांगता मेथीच्या काड्या सारख्या करून तिच्या हाती देऊ लागली, आणि दोघी गणिताच्या पेपराविषयी बोलू लागल्या. मी बांधावर उभा राहून ऐकत होतो.

सिंधू माझ्यापेक्षा हुशार होती.