सोमगडावरचं पाणी

लातूर जिल्हा झाला आन सिद्धलिंगचा भाव वाढला. वर्षाखाली दुष्काळात तो खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायचा. तवाच देवणीच्या धोंडप्पाच्या गुरम्माशी त्याचा साखरपुडा झालता. आता तो नव्या कलेक्टर कचेरीत कायमचा कारकून. त्याच्या आईला, कमलम्माला, देवणीची सोयरीक टोचून राहिली होती. पण मोडायला कारण पाहिजे.

मे महिन्यात तिचा निरोप आला. सोमगडावर महादेवाला जाऊ. आमच्यात रीत हाय, होणारी सून खालून घागर भरून नेती. मधी कुठं टेकवायची न्हाई.

गुरम्माला हे लग्न पाहिजे होतं. लातुरात घरात नळ असतो, एवढंच तिला माहीत होतं. तेवढं बास होतं.

गडावरचं गाव पार डोंगराच्या डोक्यावर. तिथला आड दोन वर्षं कोरडा. साडेअकराला चढायला लागले. गुरम्मा अनवाणी, डोक्यावर भरली घागर. पायरीवर पाऊल टेकलं की उचलावंच लागायचं, इतका दगड तापलेला.

अर्ध्या वाटेत ती बापाला हळूच म्हणाली, "आप्पा, एक घोट घेऊ का?"

"विहीणबाईच्या आधी? येडी झालीस का. वर गेल्यावर पी."

मागून कमलम्मानं विचारलं, "का ओ, दमली का लेक? आजून तर संसार व्हायचाय."

"न्हाई न्हाई, मजेत हाय ती," धोंडप्पा हसला.

मजेत न्हवती. पण घागर टेकवली न्हाई. वर पोचल्यावर कमलम्मानं तिचे पाय पाहिले, दम पाहिला, खोट सापडंना. मग तिनं पाणी स्वतः वाटायला घेतलं. पिंडीवर घातलं. दोन तांबे आपण प्याली. सिद्धलिंग प्याला, तोंड धुतलं, मग सावकाश पाय धुतले. शेवटचा तांब्या तिनं धोंडप्पापुढं धरला. विहिणीच्या हातचं नको कसं म्हणावं? त्यानं पिऊन टाकला. गुरम्मा बघत होती.

उतरताना चौथ्या पायरीवर ती कोसळली.

कमलम्मानं पायातली चप्पल काढली आन पोरीच्या नाकाला लावली. दर्शनाची माणसं गोळा झाली. चप्पल कशासाठी हुंगवतात हे कुणाला सांगावं लागत न्हाई.

"फेफरं हाय वाटतं," एक बाई म्हणाली.

"पाणी," गुरम्मा म्हणाली.

धोंडप्पाला सगळं कळत होतं. पण पोरगी तहानलेली म्हणलं, की पाणी कुणी संपवलं हे आलंच.

"देवाच्या दारात हाव, खरं सांगा," कमलम्मा म्हणाली. "आधी कधी आलतं?"

"लहानपणी," धोंडप्पा पुटपुटला. "तापात. एकदाच."

"एकदा आलं म्हणजे हाय. साडी आन अंगठी धाडून द्या."

सिद्धलिंगनं घड्याळ पाहिलं. मायलेक उतरले, जीपमधी बसले, गेले.

एका म्हातारीनं घरातून तांब्या आणून दिला. पाणी गढूळ होतं, गुरम्मानं सगळं पिलं. मग बापलेक खाली निघाले.

"आप्पा, मला तापात आलतं ते खरं?"

"न्हाई गं. पण मोठ्या मानसाला तोंडावर साफ न्हाई कसं म्हणावं? वाटलं, एकदाच म्हणलं तर चालवून घेतील."

गुरम्मा दोन-चार पायऱ्या उतरली.

"मग गावात बी तेच सांगा," ती म्हणाली. "दोन ठिकाणी दोन सांगितलं तर लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील."