ढग राखणारी शिओरी

अक्षता अंबड डेपोत कंडक्टर होती. तिच्या खाकी पिशवीत तिकिटाचं मशीन असायचं, पाण्याची बाटली असायची, आणि सगळ्यात खाली, जुन्या मऊ ओढणीत गुंडाळलेली वीतभर उंचीची एक मुलगी असायची. जपानहून आलेली. तिचं नाव शिओरी.

शिओरी एका जपानी कार्टून मालिकेतली. डोंगरावर एकटी राहायची आणि ढग राखायची. आपल्याकडं कुणी शेळ्या राखतं ना, तसं. सकाळी ढग सोडायचे, दिवसभर काठी घेऊन त्यांच्या मागं हिंडायचं, सांज झाली की हाकत घरी आणायचे. एखादा हट्टी ढग मागं रेंगाळला तर त्याच्याशी बोलत बसायचं. नोकरी लागल्यावर परतूरकडचं गाव सोडून अक्षतानं अंबडला खोली घेतली. त्या पहिल्या वर्षी ड्यूटीवरून आली की ती भाकरी थापता थापता मोबाइलवर ही मालिका हिंदीत बघायची. तिला वाटायचं, आपलंही तेच चाललंय. सकाळी माणसं घेऊन निघायचं, गावोगाव सोडायची, संध्याकाळी राहिलेली गोळा करून परत आणायची.

मग एक दिवस तिनं मागवलेलं पार्सल आलं. त्यात ही शिओरी. निळे केस, एक पाय उचललेला, हातात काठी, काठीच्या टोकाला एवढीशी घंटा. बनवणाऱ्यानं तिला वाऱ्यात उभं केलं होतं, त्यामुळं वारा असो नसो, तिचे केस कायम एका बाजूला उडालेले. तिच्यामागून आणखी आल्या. खोलीतल्या काचेच्या कपाटात आता तलवारवाली एक पोरगी होती, चष्मा लावलेला एक जाडा बोका होता, पाठीवर पेटी घेतलेला औषधविक्या होता. अक्षता त्यांच्यावरची धूळ मेकअपच्या ब्रशनं झाडायची. हात लावायचा तर रबरी मोजे घालून. त्यांची खोकीसुद्धा तिनं पलंगाखाली कोरी करकरीत जपली होती. बाहेर मात्र एकट्या शिओरीला न्यायची. बाकीचे घरातले जीव होते, ही उघड्यावरची.

ड्रायव्हर बद्रीनाथ पहिल्यांदा म्हणाले होते, "आगं बाई, एवढी मोठी झालीस अन् बाहुल्या खेळून राह्यली?"

"बाहुली न्हाई मामा, फिगर म्हणत्यात."

"फिगर तर फिगर. जेवती का काही?"

नंतर त्यांनाही सवय झाली. शहागडला गाडी थांबली की अक्षता उतरायची, गोदावरीच्या बाजूला जाऊन धुक्यात शिओरीला उभी करायची आणि मोबाइलला छोटं भिंग लावून जमिनीला गाल टेकवून फोटो काढायची. थर्माकोलचा एक तुकडा जवळ ठेवायची, उजेड परतवायला. फोटोत गंमत व्हायची. दवाचा थेंब तिच्या डोक्याएवढा दिसायचा. बांधावरचं गवत म्हणजे जंगल. झाडाखाली पडलेल्या मोसंबीला ती टेकून उभी राहिली की मोसंबी चंद्र होऊन जायची. "मामा, गाडी थोडी पुढं घ्या ना, सावली पडून राह्यली," असं ती ओरडली की बद्रीनाथ कुरकुरत गाडी हातभर पुढं घ्यायचे. फोटो ती इंस्टाग्रामवर टाकायची. ब्राझीलच्या एकानं एकदा विचारलं होतं, हा कोणता देश? तिनं लिहिलं, जालना.

एक नियम तिनं पहिल्यापासून पाळला होता. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही. बोटसुद्धा नाही. माणूस आला की शिओरी छोटी होते, खेळणं होते. माणूस नसला की ती तिच्या जगात खरी असते.

पौषातल्या एका सकाळी शहागडला धुकं इतकं दाट होतं, की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. खाली उतरायला वेळ नव्हता. अक्षतानं पुढच्या सीटच्या खिडकीच्या पट्टीवर शिओरीला उभी केली. काचेवर वाफ धरली होती, तिच्यामागं सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात कुठंतरी सूर्य. जणू डोंगराच्या कडेवर उभं राहून ती ढग मोजत होती. फोटो असा आला, की अक्षतानं तो दोनदा मोठा करून पाहिला. तेवढ्यात दार वाजलं. लग्नाला निघालेली माणसं, बाजाराला निघालेल्या बाया, पोती, गाठोडी, एकदम गर्दी चढली. बद्रीनाथांनी गाडी काढली. अक्षता मशीन घेऊन मागं गेली ती तिकिटं फाडत फाडत गर्दीतच अडकली. मध्ये एका गावाजवळ गतिरोधकावर गाडी अशी उडाली, की सगळे एकदम "आरारारा" म्हणाले आणि हसले.

तीर्थपुरीला गाडी रिकामी झाली. खिडकीची पट्टीही रिकामी होती.

दोघांनी मिळून सगळ्या सीटांखाली पाहिलं. शेंगांची टरफलं निघाली, कुणाची तरी एक चप्पल निघाली. शिओरी नाही.

"सापडंल," बद्रीनाथ म्हणाले. पण गुडघे झटकत उठताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

पुढचे दिवस अक्षताचे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. कुणाला सांगणार? प्लॅस्टिकची बाहुली हरवली म्हणून कंडक्टरबाई रडते, हे सांगण्यासारखं होतं का? ती मशीन चालवायची, घंटी द्यायची, उतरणाऱ्याला हाळी द्यायची. डोळे मात्र खिडकीबाहेर. बाहेर कापसाच्या शेवटच्या वेचणीची शेतं पांढरी ठिपक्याठिपक्यांची, वर थंडीतले पातळ ढग, आणि तिला वाटायचं, हिला आपण हरवलं नाही, ही आपली आपण उतरली असेल. उसाच्या कडेकडेनं चालत गेली असेल, काठीची घंटा वाजवत. कुठल्या तरी विहिरीवर पाणी प्यायली असेल. एकदा तर अंकुशनगरच्या पुढं, उघड्या माळावर, एकच लहानसा ढग जमिनीच्या इतका जवळ आला होता, की अक्षतानं मान वळवून वळवून त्याच्यामागं कुणी दिसतंय का ते पाहिलं. प्रवासी म्हणाला, "ताई, तिकीट." तेव्हा कुठं ती भानावर आली.

फोटो मात्र तिनं थांबवले नाहीत. सवय म्हणा. धुक्याची काच, रिकामी पट्टी. नदीकाठची ओली वाळू, वर काहीच नाही. मोसंबी एकटी. तिनं तेही इंस्टाग्रामवर टाकले, खाली एक अक्षर न लिहिता. कुणीतरी लिहिलं, ती आत्ताच इथून उठून गेलीय असं वाटतं. अक्षतानं ते पुन्हा पुन्हा वाचलं.

इकडं बद्रीनाथांनी गुपचूप वेगळाच कारभार मांडला होता. प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक चहाच्या हॉटेलात ते विचारत सुटले होते, "निळ्या केसाची पोरगी पाह्यली का कोणी? काठी हाय हातात. जपानची हाय." झालं, शहागडपासून तीर्थपुरीपर्यंत बोभाटा झाला की जपानची एक पोरगी एसटीतून हरवली. एका सरपंचानं तर पोलिसांना कळवायची तयारी केली. शेवटी तीर्थपुरीच्या स्टँडवर दाढीवर कापसाचे तंतू लागलेला एक माणूस पुढं आला आणि हळूच म्हणाला, "ड्रायव्हर साब, ही पोरगी एवढीच हाय का?" त्यानं वीत ताणून दाखवली.

तो सलीम पिंजारी होता. बाजारामागच्या गल्लीत त्याचं गाद्या भरायचं दुकान होतं, आणि दुकानामागंच घर.

त्या दिवशी तीर्थपुरीला गाडीला भरपूर थांबा होता. "जा," बद्रीनाथ म्हणाले, "मी हाय हितं. हॉर्न दिला की ये." अक्षता सलीमच्या मागं निघाली. चालता चालता तिचं चालणं कधी पळणं झालं, तिला कळलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि ती उभीच राहिली.

कापूस पिंजायचं मशीन घुमत होतं. वरच्या पत्र्यात एक काच बसवलेली होती, तिच्यातून दुपारच्या उन्हाचा सरळ झोत खाली येत होता, आणि त्या झोतात सगळं दुकान उडत होतं. कापसाचे पुंजके वर जात होते, वळत होते, अलगद खाली येत होते, भिंतीला टेकून पुन्हा निघत होते. कोपऱ्यात पिंजलेल्या कापसाचे ढीग छातीएवढे. त्यातल्या एका ढिगाच्या माथ्यावर, केस उडालेले, एक पाय उचललेला, शिओरी उभी होती.

सलीमनं मशीन बंद केलं. आवाज थांबला तरी कापूस तरंगतच राहिला.

"आ बेटी, आत ये," ढिगाआडून आवाज आला. सलीमची आई अकबरबी लांब सुई घेऊन गादीला टाके घालत बसली होती. "तुझी हाय का ही? आगं, त्या दिवशी तुमच्याच गाडीतून घरी येऊन चिंध्यांची पिशवी उलटी केली, तर ही बाहेर! खिडकीवरून पडली असंल पिशवीत. मी तर घाबरलेच. दुसऱ्या दिवशी ष्टँडवर घेऊन गेल्ते, तर गाडीवर दुसरीच बाई. कोणाला द्यावं? मंग ठिवली. जिची हाय ती येईल म्हणलं."

अक्षता जवळ गेली. शिओरीच्या अंगात लाल मखमलीचं जाकीट होतं, पायात हिरव्या रेशमी चिंधीची सलवार. केसांच्या टोकाचा रंग उडाला होता. आणि काठी, ती घंटावाली काठी, मधूनच तुटून गेली होती. तिच्या जागी तुरीच्या झाडाची बारीक काडी पांढऱ्या दोऱ्यानं हाताशी बांधलेली होती.

"काठी मोडून आल्ती पिशवीत," अकबरबी म्हणाली. "टोक काही मिळालं न्हाई. सगळ्या चिंध्या झाडल्या. मंग ही बांधली. काठीबिगर कशी हुभी राहील? अन् कपडे कसले पातळ तिचे, थंडीत! रागावली का तू?"

रबरी मोजे, कोरी खोकी, ब्रशनं झाडलेली धूळ, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. फिगर जमवणारी माणसं अशा फिगरला खराब झाली म्हणतात. तिनं स्वतः कितीदा म्हटलं होतं. ती वाकली आणि मोजे न घालताच शिओरीला उचललं. मखमलीची शिवण पाहिली. इतके बारीक टाके, की एका टाक्यात तांदळाचा दाणा मावला नसता. काखेत जरा सैल ठेवलं होतं, म्हणजे उचललेला हात अडू नये.

"न्हाई," ती म्हणाली. "रागावले न्हाई. तिला ढग राखायचे असतात, मावशी. तेच तिचं काम."

अकबरबीनं वर पाहिलं, उन्हात फिरणाऱ्या कापसाकडं. "मंग बराबर घरी आली की ती," ती साधेपणानं म्हणाली आणि पुन्हा टाका घातला.

अक्षतानं मोबाइल काढला. ती कापसात उपडी झोपली, खाकी गणवेशासकट. शिओरी ढिगाच्या कड्यावर. पण आता हवा निवत चालली होती, पुंजके खाली बसू लागले होते.

"मशीन लावू का?" सलीमनं विचारलं.

"नक्को," अकबरबी म्हणाली. "धूळ करतंय ते. ठैर." तिनं सुई बाजूला ठेवली, ओंजळभर कापूस घेतला, बोटांनी मोकळा केला आणि फुंकर घालून झोतात सोडला. एक पुंजका शिओरीच्या डोक्यावरून गेला, एक तिच्या काडीला अडकून थांबला. अकबरबीनं हात पुढं केला आणि एका बोटानं त्याला हळूच पुढं ढकललं.

अक्षतानं त्याच क्षणी फोटो काढला.

पडद्यावर एक सुरकुतलेला हात आभाळातून खाली आला होता, बोटावर सुईनं पडलेले काळे ठिपके, आणि त्या हाताखाली शिओरी मान वर करून उभी, मागं राहिलेला ढग पुढं नेणारं कुणीतरी भेटल्यासारखी. ती छोटी दिसत नव्हती. खेळणंही दिसत नव्हती. अक्षता बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली.

"बघू," अकबरबी म्हणाली. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून तिनं पाहिलं. "हा माझा हात? या अल्ला, एवढा मोठा!" आणि ती लहान पोरीसारखी हसली. मग जरा थांबून म्हणाली, "नेणार ना आता?"

अक्षतानं शिओरीला ओढणीत गुंडाळायला घेतलं होतं. तिचा हात थांबला. खोलीतलं कपाट तिला आठवलं, बंद काच, रात्रंदिवस तेच. आणि इथं हे.

"थंडी सरेपर्यंत राहू द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. आपल्या तोंडून हे निघालं याचं तिलाच नवल वाटलं. "मी येत जाईन. गाडी हितं थांबतेच."

"बिलकुल," अकबरबी म्हणाली. लगेच उठून तिनं शिओरीला ढिगाच्या वर नीट उभी केली. "अन् अजून हायेत का तुझ्याकडं अशा?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. अक्षता कापसाच्या ढिगाला टेकून बसली आणि सांगू लागली. तलवारवाली कोण, तिनं तलवार का टाकून दिली. जाड्या बोक्याला चष्मा कुणी दिला. औषधविक्याच्या पेटीत कुठलं झाड आहे. अकबरबी टाके घालता घालता "मंग?" म्हणायची, "आगं माय!" म्हणायची. सलीम दारातच पायावर बसून ऐकत होता. वरच्या काचेतलं ऊन भिंतीवर सरकत गेलं, आणि कापूस एकेक तंतू करून तिघांच्याही अंगावर बसत राहिला.

बाहेरून बद्रीनाथांचा हॉर्न आला. मग आणखी एक, लांबलचक.

अक्षता धावत स्टँडवर आली आणि गाडीत चढली. प्रवासी बसलेच होते. तिच्या केसांत, खांद्यांवर, भुवयांवरसुद्धा कापूस होता. पुढच्या सीटवरची एक म्हातारी तिला न्याहाळत म्हणाली, "कुठं गेल्तीस गं बाई?" आणि हात लांब करून तिच्या खांद्यावरचे तंतू एकेक वेचू लागली. अक्षता तशीच थोडी खाली वाकून उभी राहिली, जोवर त्या म्हातारीचं वेचून झालं नाही तोवर. मग तिनं घंटी दिली.