नाव वगळून

शिकाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे, मेव्हण्याने ठेवलेलं. चाळिशी आली तरी गडी प्रत्येक कामावर नवाच असे, म्हणून. फोटो स्टुडिओ झाला, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकून झाली, मोटार शिकवणाऱ्या शाळेत तर त्याने स्वतःच एक भिंत पाडली. "बारा गावचं पाणी प्यालो, पण तहान कुठेच भागली नाही," असं तो सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. आपण आधी हसलं की लोकांना फारसं काही उरत नाही, हा त्याचा अनुभव.

आता आठ महिने तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत होता, आणि नेमकं याच वेळी घरमालकाने घर विकायला काढलं. "आधी तुम्हाला विचारतो. दोन महिन्यांत घ्या, नाहीतर सोडा," म्हणाला. घर दोन खोल्यांचंच, पण बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं आणि अख्ख्या इमारतीचे कपडे तिच्याकडे उसवायला, आवळायला येत. घर गेलं की गिऱ्हाईकही जाणार. सुरुवातीची रक्कम साठवलेल्यातून कशीबशी निघत होती. बाकीचं बँकेने द्यायचं होतं.

"तुमचा क्रेडिट स्कोअर फारच खाली आहे," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "फोनचे हप्ते मध्येच थांबवले होते?"

"फोन बंद पडला ना! मेलेल्या म्हशीला चारा कोण घालतं?"

बाई हसल्या नाहीत. म्हैस मेली तरी हप्ता जगतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"नोकरी तरी पक्की आहे का, विचारते," म्हणत बाईंनी चष्म्याच्या दुकानात फोन लावला. इथे मात्र तो निर्धास्त होता. माझ्याबद्दल जरा चांगलं बोला, असं त्याने मालकांना सकाळीच विनवलं होतं, आणि मालक दिलदार. त्यांचा आवाज टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होता. "अहो, हिरा आहे हिरा! एवढा हुशार माणूस आमच्या दुकानात किती दिवस टिकणार? उद्या कुणी मोठा उचलून नेईल बघा!"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली. आजवर निंदा करूनही कुणी त्याचं एवढं वाटोळं केलं नव्हतं.

मग पत्त्याचा पुरावा म्हणून आणलेलं पासबुक त्यांनी उघडलं. "हे खातं कुणाचं?"

"बायकोचं. शिलाईचे किरकोळ पैसे येतात त्यात."

"पाच वर्षांत एकही महिना खाडा नाही." बाईंनी पुन्हा संगणकात पाहिलं. "थकबाकी नाही. कर्ज यांना मिळू शकेल. घरही यांच्याच नावावर होईल. फक्त अर्जातून तुमचं नाव वगळावं लागेल."

घरी येईपर्यंत त्याने याचा विनोद तयार केला. तरी सांगताना आवाज जरा चिरकलाच.

"म्हणजे तुमचं नाव कुठेच नाही?" बायकोने मशीन थांबवलं. "मग नको मला असलं घर."

"घे गं. माझ्या नसण्याचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होतोय."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बँकेत आली. तो तिच्या मागे, जरा बाजूच्या खुर्चीत बसला. बाई एकेक प्रश्न विचारत होत्या, ती उत्तरं देत होती.

"तुमच्या कमाईवर अवलंबून असलेली माणसं किती?"

त्याने लगेच हात वर केला. एक म्हणा, असं म्हणून दोघींना हसवायचं, हे त्याने तिथेच ठरवलं होतं.

बायकोने मागे वळून पाहिलं. "हात खाली घ्या हो," ती म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "कुणी नाही. आम्ही दोघंही कमावतो."

त्याने हात खाली घेतला. पुढचा विनोद काही केल्या सुचेना, आणि डोळे पुसायला रुमालही सापडेना.