अण्णांनी बसवलेला चाप

“बघ, तूच बघ,” म्हणत बाळ गोवंड्यांनी रिकाम्या रायफलीच्या नळीमागचा सरकता बोल्ट पुढे सारला आणि त्याची मूठ खाली वळवली. चापाला त्यांचं बोट लागलंही नव्हतं, तरी आतली पिन टक्कन सुटली. “आता यात गोळी असती तर?”

त्यांनी पुन्हा तसंच केलं. पुन्हा टक्.

“काल रेंजवर झालं हे. रायफल क्लबातल्या लोकांसमोर. नशीब, गोळी भरण्याआधी मी एकदा कोरडी चालवून बघतो. ती सवयही तुझ्या वडिलांनीच लावलेली.”

बिबवेवाडीतलं आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. अण्णा, म्हणजे पोपट ओव्हाळ, फौजेत शस्त्रं दुरुस्त करणारे आर्मरर होते. तिथून सुटल्यावर जन्मभर त्यांनी याच खोलीत लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या. परवान्यावर त्यांच्या नावाखाली माझंही नाव आहे. श्रावणात ते गेले. या रायफलीला नवा चाप त्यांनी उन्हाळ्यात बसवला होता. चापाचं त्यांचं ते शेवटचं काम. पावसाळाभर रेंज बंद असते, त्यामुळे रायफल काल पहिल्यांदाच चालवायला निघाली होती.

“गोवंडेकाका, ठेवून जा. मी बघते.”

“ठेवून जात नाही. बसतो.” त्यांनी स्टूल ओढलं. “हे बघ कल्याणी, पोपटरावांबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण शेवटी शेवटी त्यांचा हात कापायचा. कपापेक्षा बशीत चहा जास्त असायचा. क्लबातल्या निम्म्या रायफलींना त्यांचा हात लागलाय. आज संध्याकाळी मला सगळ्यांना सांगावं लागेल, आपापली तपासून घ्या म्हणून. जिवाशी गाठ आहे.”

ते बरोबर बोलत होते, याचाच त्रास जास्त झाला. अण्णा त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

आतून आईचा आवाज आला, “कोण आलंय गं?”

“मी आहे, कांताबाई,” गोवंडेच म्हणाले. “मागच्या वेळी चहात साखर विसरला होतात.”

“विसरले नव्हते. तुमच्या सूनबाईंनी सांगून ठेवलंय.”

मी रायफल टेबलावर घेतली आणि स्क्रू सोडवू लागले.

“जपून हं. आजोबांची जर्मन माउझर आहे.”

“झेक आहे, काका.”

“तुझे वडीलही हेच म्हणायचे. जर्मन म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?”

जुनी, बोल्टची शिकारी रायफल दिसली की आपल्याकडे तिला सरसकट माउझर म्हणतात. लोक कौतुकाने नळीवरचं नाव दाखवतात. अण्णा ते वाचायचेसुद्धा नाहीत. नाव विकणाऱ्याचं असतं, म्हणायचे. करणाऱ्याची खूण पोटाला असते. मग लाकूड सोडवून, नळी उलटी करून, दिव्याखाली एकेक शिक्का वाचायचे. आजोबांची जर्मन म्हणून आलेली बंदूक बऱ्याचदा झेक किंवा बेल्जियन निघायची आणि माणूस हिरमुसायचा. मग अण्णा तिच्यात काय चांगलं आहे ते त्याला सांगत बसायचे. पोलाद कसं आहे, बोल्ट किती गुळगुळीत चालतो. जाताना तो माणूस तिला आणलं होतं त्याहून जपून नेत असे.

लाकूड सुटलं. चापाची सगळी जोडणी समोर आली आणि मी अण्णांची चूक शोधू लागले.

ती सापडेना. नव्या चापाला जेवढी जागा लागते तेवढंच लाकूड कोरलेलं. कानस कुठेही घसरलेली नाही. पिना सरळ, स्क्रू घट्ट. हात कापायचा हे खरं होतं. म्हणून ते फक्त सकाळी काम करायचे, मनगट व्हाइसच्या लोखंडी पकडीला टेकवून. श्वास सोडताना एकदा कानस फिरवायची, मग थांबायचं. आई दारातून म्हणायची, अहो, नाश्ता गार झाला. ते उत्तर द्यायचे नाहीत, कारण श्वास मोजून वापरत असायचे.

मी बोल्ट हातात घेतला. त्याच्या खाचेत, तेलात कालवलेलं, काहीतरी लाल दिसलं. बोटावर घेतलं. कुंकू होतं.

“काका, खंडेनवमीला पूजा केलीत?”

“दरवर्षी करतो.”

“ही थोरली आणि घरची धाकटी, दोन्ही रायफलींची?”

“मग काय, एकीची करून दुसरीला रुसू द्यायचं?”

“बोल्ट काढून?”

“तुझ्या वडिलांनीच दम दिला होता. पाटावर ठेवायची तर बोल्ट बाहेर. दोन्ही काढले, तेल दिलं, तबकात शेजारी शेजारी ठेवले, हळदकुंकू वाहिलं आणि...” ते बोलता बोलता थांबले.

मी भिंग घेतलं. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी झिजलेले आकडे होते. नळीमागेही तेच आकडे असायला हवेत, पण मेळ बसत नव्हता. बाहेरून आलेल्या रायफलीत हे सगळ्यात आधी बघायचं असतं. पण सकाळपासून मी रायफल बघतच नव्हते, अण्णांना तपासत होते.

“हा धाकटीचा बोल्ट आहे, काका. चाप धरतो तो बोल्टच्या खाचेला. अण्णांनी हिच्या स्वतःच्या बोल्टवर चाप जुळवला होता. धाकटीची खाच झिजलेली आहे. ती तिच्या जुन्या चापावर चालते, यावर नाही.”

गोवंडे चष्मा काढून पुसत राहिले. “मोतीबिंदूचं दिवाळीनंतर करायचं ठरलंय,” ते म्हणाले. “गणपतीआधी करायला हवं होतं.”

मग त्यांनी मुलाला फोन लावला. “आमोद, कपाटातली धाकटी घेऊन ये. आत्ता. मीटिंगला सांग, वडिलांनी घोळ घातलाय. परवाना बरोबर घे, आणि कव्हरात घालून आण, छत्रीसारखी आणू नकोस.”

कोथरूडहून यायला वेळ लागणार होता. चहा झाला. गोवंड्यांनी बिनसाखरेचा निमूटपणे घेतला. बोल्ट दुसरा आहे एवढंच कळलं होतं. अण्णांचा चाप धरतो की नाही, ते अजून कळायचं होतं.

आमोद आला. त्याने कव्हर उघडलं. धाकटीतून मी बोल्ट काढला आणि आकडे वाचले. थोरलीच्या आकड्यांशी मेळ बसला. बोल्ट थोरलीत घातला, पुढे सारला, मूठ खाली वळवली.

आवाज झाला नाही.

गोवंडे उठून उभे राहिले. धक्क्याने पिन सुटते का ते बघायला मी रबरी हातोडी घेतली आणि रिकाम्या रायफलीच्या दस्त्यावर खालून ठोका दिला. मग डावीकडून, मग उजवीकडून. पिन जागची हलली नाही. मग चापावर बोट ठेवलं, हळूहळू दाबलं, आणि कोरडी काडी मोडावी तसा तो सुटला. ना आधी, ना नंतर.

“क्लबात आता मी काय सांगायचं ते मला कळलं,” गोवंडे म्हणाले.

मी बोल्ट पुन्हा ओढला. पुन्हा ठोके दिले, आधीपेक्षा जोरात. अण्णा इतक्या जोरात कधी मारत नसत. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आमोद माझ्याकडे आणि मग वडिलांकडे बघू लागला.

“बास, कल्याणी,” गोवंडे हळू आवाजात म्हणाले. “धरलंय पोपटरावांनी.”

“हो,” मी म्हटलं, आणि आणखी एक ठोका दिला.