विहिरीतला धूर

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे, डिझेलवर चालणारा. इंझोरी गावात मला सगळे ‘इंजन’ म्हणत. अंगात पाच घोड्यांचे बळ, पण स्वतःहून मी कधी बोटभर हललो नाही. मला चालवायचे की थांबवायचे, हे नेहमी माणसांच्या हाती. माझा सगळा अभिमान आणि सगळी लाज त्यातच आहे.

मंगरूळपीरहून बैलगाडीत बसून मी उकंडरावांच्या मळ्यात आलो, तेव्हा त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी मला हळदकुंकू लावले. बैल दिवसभर मोट ओढून जेवढे पाणी काढत, तेवढे मी न्याहारीच्या आत उपसू लागलो. कोरड्या वावरात गहू उभा राहिला. संत्र्याची रोपे जगली. लोक मला मुद्दाम पाहायला येत आणि खरे सांगतो, मी फुगून जात असे. माझ्या तोंडातून भकाभका धूर निघे, पण त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. धूर दिसला की लोक म्हणत, उकंडरावांचे बरे चालले आहे.

बाहत्तर साली पावसाने दगा दिला. विहिरीचे पाणी खोल गेले. इतक्या खोलचे पाणी मला वरून ओढवेना, म्हणून मला दोरखंडांनी विहिरीत उतरवून आतल्या दगडी ओट्यावर बसवले. बसवणाऱ्या कारागिराने बजावले, की आत धूर कोंडला तर माणूस गुदमरेल. त्याने मला काठाबाहेर जाणारी लांब लोखंडी नळी जोडून दिली.

पुढच्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेकरूंसाठी रुख्मिणीबाईंनी मळ्याजवळ रस्त्याच्या कडेला पाणपोई घातली. मांडवाला कडुलिंबाच्या डहाळ्या मिळाल्या, पण एक खांब कमी पडला. उकंडरावांनी माझी नळी सोडली, तिचा लांब तुकडा मांडवाला रोवला आणि बाकीचे बांधावर टाकून दिले. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. पुण्याच्या कामात कोण आडवे येणार? रुख्मिणीबाई मांडवात रांजण मांडू लागल्या.

दुपारी रांजण रिकामे झाले. उन्हात माणसे ताटकळत उभी होती. उकंडरावांनी खाली येऊन मला सुरू केले आणि ते वर गेले. रांजण भरले, लोक पाणी पिऊन दुवा देऊ लागले. इकडे माझा धूर माझ्याच भोवती साचत होता. ओटा दिसेनासा झाला. मला ओरडायचे होते, पण माझे ओरडणे म्हणजे नुसती फटफट. तीच ऐकून वर सगळे खुशीत होते.

तासाभराने उकंडराव मला बंद करायला उतरले. नाकाला उपरणे बांधले की भागेल, असे त्यांना वाटले. चाचपडत त्यांनी माझी कळ फिरवली. मी थांबलो. पण ते परत फिरले नाहीत. ते माझ्या चाकाला टेकून खाली घसरले.

वर रुख्मिणीबाईंनी माझा आवाज थांबलेला ऐकला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर येईना, तेव्हा धाकटे दीर शेषराव पायऱ्यांकडे धावले. रुख्मिणीबाईंनी त्यांचा सदरा घट्ट धरला.

“भाऊजी, एक अंदर हाये. दुसरा देऊन नाही राह्यली मी.”

“वयनी, माहा भाऊ मरून राह्यला तिकडं!”

त्यांनी सदरा सोडला नाही. माहेरी विहीर खोदणारे कोंडलेली हवा कशी हलवतात, ते त्यांनी पाहिले होते. त्यांनी मांडवाच्या डहाळ्या ओढून काढायला सांगितल्या. यात्रेकरूही धावले. डहाळ्यांचा भारा दोराला बांधून ते तो विहिरीत सोडू लागले, वर ओढू लागले. सोडला, ओढला. सोडला, ओढला. रुख्मिणीबाईंचे हात सोलून निघाले. माझ्या पायाशी उकंडरावांचा श्वास मंद होत होता आणि तो मोजण्यावाचून मला काही करता येत नव्हते.

धूर विरळ झाल्यावर कंबरेला दोर बांधून शेषराव उतरले. त्यांनी भावाला बांधले आणि वरच्यांनी दोघांनाही ओढून घेतले. सावलीत निजवलेले उकंडराव बऱ्याच वेळाने ओकले, तेव्हा कुठे रुख्मिणीबाई रडल्या.

उकंडराव वाचले, पण त्यांच्या उजव्या हाताला कंप राहिला तो राहिलाच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेषराव तर मला भंगारात द्यायला निघाले होते. मोट परवडली, पण हा यम नको, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पटले होते. मग रुख्मिणीबाई बोलल्या.

“मोटीनं एवढा गहू होते काय, भाऊजी? इंजन राह्यन. पन आदी धूर कुठी जाते ते पाहू, मंग चालू करू.”

नळी पुन्हा बसली. तोवर संत्र्याची दोन झाडे वाळली, तरी रुख्मिणीबाईंनी मला कोणाला हात लावू दिला नाही. पुढे मी सुरू झालो, की त्या काठावर उभ्या राहून धुरामागे वर पाहत. एकदा त्यांनी नवऱ्याला विचारले, विहिरीतून तर धूर बाहेर गेला, मग आभाळातून कुठे जातो? उकंडरावही मग वर पाहू लागले. ते मलाही ठाऊक नव्हते.

आता मी बांधावर गंजत पडलो आहे. माझ्यानंतर गावोगाव माझ्याहून मोठी यंत्रे आली. ती येऊ द्या मित्रांनो, तहानलेल्या वावराला ती हवीच आहेत. फक्त एक करा. मी पाणी किती काढतो, हे मला शंभर जणांनी विचारले. धूर कुठे जातो, हे विचारणारी एकच बाई होती. तिला एकटी ठेवू नका.