काखेतला कोंबडा

माझा राग नाकावर असतो आणि तोंडाला कुलूप नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. सासऱ्यांना तर त्याचं कौतुकच. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी एक धिप्पाड, पायांवरही पिसं असलेला कोंबडा माझ्या हातात दिला आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "आमच्या सुनेकडे हा गप्प राहिला, म्हणजे जगात कुठेही गप्प राहील." कोंबडा गप्प राहिला. मी नाही राहिले.

सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढायचे, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणतात. पण त्यांचा खरा जीव परसातल्या खुराड्यात. त्यांच्या वडिलांनी जपलेली ही जुनी जात, गव्हाळ रंगाची, सावकाश वाढणारी. घाई असलेल्या माणसांनी ती केव्हाच सोडून दिली. या जातीचा कोंबडा रांगत्या मुलाला वळसा घालून जातो. हा स्वभाव आपोआप येत नाही. पिल्लांना रोज हाताळावं लागतं, आणि वंशाला कोणता कोंबडा ठेवायचा ते डोळ्यांत तेल घालून निवडावं लागतं.

परीक्षा ठरलेली होती. आरवायला लागलेला कोंबडा काखेत घ्यायचा, एक तळहात छातीखाली, पाय बोटांच्या बेचक्यात, आणि औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं. वाटेत कुत्रं भुंकतं, स्कूटर अंगाला घासून जाते, कुणीतरी तुऱ्याला हात लावतं. कोंबड्याने फडफड केली किंवा चोच मारली की तो नापास. नापास झालेला कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडे जायचा. सासऱ्यांनी या बाबतीत कधी कुणाची गय केली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचा म्हातारा कोंबडा मेला. त्याचं नाव जावई. खायचा वेळेवर, कामाला हात लावायचा नाही आणि त्याच्याशी सगळे आदराने बोलायचे, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. मागे त्याचे चार मुलगे होते. त्यातला एक तर असा सोनेरी, की परसात ऊन आलंय का बघायला मी दोनदा दारात गेले होते.

सोनेरी कोंबडा सर्वांत आधी परीक्षेला गेला. सासरे परतले तेव्हा त्यांचं मनगट ओरबाडलेलं होतं.

"नापास," ते म्हणाले.

दुसरा नापास झाला. तिसराही झाला. तिसऱ्याच्या दिवशी ते जेवले नाहीत. चौथा घेऊन निघाले आणि फाटकापर्यंतच त्याने असा काही गोंधळ घातला की तिथूनच परत फिरले. मी धावत जाऊन कोंबडा त्यांच्याकडून ओढून घेतला.

"वंश बिघडला," सासरे म्हणाले. "माझ्या बापाने चांगला सांभाळला. माझ्या हातात बिघडला. कोंबड्याही देऊन टाकू आता. रविवारी एकाला बोलावलंय."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की कोंबडा माझ्या काखेत शांत पडलाय. डोळ्यांवर झापड आलेली. मी फाटकाची कडी मुद्दाम आपटली. त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

तेव्हा मी सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात त्यांनी झटकन खिशात घातला, पण खिशाचं कापड आतून थरथरत होतं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. कितीतरी दिवस ते चहा आमच्यासोबत घेत नव्हते, कप घेऊन परसात जायचे. शिंप्याच्या दुकानाची पाटी त्यांनी डोळ्यांचं कारण सांगून नाकारली होती. कोंबड्याला जग कळतं ते छातीखालच्या हातातून. तोच हात हलायला लागला, की त्याला वाटतं आपण आता पडलो. बिचारे कोंबडे घाबरत होते, त्यात त्यांच्या स्वभावाचा काय दोष?

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तूच सांग त्यांना. तुला सवय आहे."

आली मोठी सवय! दुधात पाणी दिसलं तर मी दूधवाल्याला भर रस्त्यात सांगते. पण ज्या माणसाने आयुष्यभर हातावर पोट भरलं त्याला 'बाबा, तुमचा हात गेला' हे कसं सांगायचं? कोंबडे आपल्याच हाताला घाबरतात हे कळलं असतं, तर ते खुराड्याकडे फिरकले नसते. न सांगावं, तर रविवारी खुराडंच जात होतं. दोन्हीकडून मरण त्यांचंच. एवढी बोलघेवडी मी, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. चौथा कोंबडाही हॉटेलवाल्याकडे गेला. मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

त्याच आठवड्यात खुडूक कोंबडीखाली उशिराची पिल्लं निघाली. मी सासऱ्यांपुढे उभी राहिले. "यातला एखादा कोंबडा निघाला, तर त्याची परीक्षा होईपर्यंत थांबायचं. नाहीतर मी महिनाभर तुमच्याशी बोलणार नाही."

"हे तर बक्षीस झालं," सासरे म्हणाले. पण त्यांनी रविवारचा माणूस पुढे ढकलला.

मी घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. माझं मोटारचं मशीन जुनं आहे, सुरू झालं की टेबलासकट थडथडतं. पिल्लं अशक्त आहेत, त्यांना दिव्याची ऊब हवी, असं सांगून मी त्यांचं खोकं त्या टेबलावर आणून ठेवलं. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली. आठवडा गेला तेव्हा मशीन बंद केलं की ओरडायला लागली.

पुढे एकाचा तुरा लाल व्हायला लागला. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून त्याचं नाव मी बॉबिन ठेवलं. त्याला मांडीवर घेऊन शिवायचे, मांडीही मुद्दाम हलवायचे. पडदे संपले की नुसतंच मशीन चालवायचे, सुईत दोरा नसताना. नवरा दारातून म्हणाला, "हवा शिवतेस का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत गेला. बॉबिनच्या छातीखाली तळहात धरून मी तो थरथरवायचे, थेट सासऱ्यांचा हात थरथरतो तसा. आधी मला ते जमेना. मग जमायला लागलं.

एके सकाळी बॉबिन आरवला. फाटक्या भोंग्यासारखा, पण आरवला.

सासऱ्यांनी चपला घातल्या. खिशातून हात काढण्याआधी ते जरा थांबले. बॉबिनला काखेत घेऊन ते निघाले आणि माझा जीव टांगणीला लागला. भाजीत मीठ घातलं की नाही, आठवेना, म्हणून पुन्हा घातलं.

ते परत आले ते फार हळू चालत. बॉबिन त्यांच्या काखेत मान आत ओढून गाढ झोपला होता. छातीखालचा हात थरथरत होता, आणि त्याबरोबर त्याची पिसंही.

सासरे खुर्चीवर बसले. त्यांनी बॉबिनच्या पाठीला नाक लावलं.

"याला मशीनच्या तेलाचा वास येतोय," ते म्हणाले.

मी गप्प.

"इतके महिने बोलली नाहीस. तू!"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" मी म्हणाले.

ते बॉबिनची पाठ कुरवाळत राहिले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "तो सोनेरी चांगला होता ना गं?"

खोटं बोलावं असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. पण त्यांनी माझं कौतुक केलं होतं ते मी खरं तोंडावर बोलते म्हणूनच.

"चांगला होता, बाबा. चारही चांगले होते."

त्यांनी मान हलवली. बाह्यांनी डोळे पुसले. "म्हणजे वंश नाही बिघडला," ते म्हणाले. "मीच बिघडलोय. मला डॉक्टरकडे नेता येतं. वंशाला कुठे नेलं असतं?"

बॉबिनला माझ्या हातात देऊन ते खुर्ची ओढत टेबलाशी आले आणि दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

"चहा कर," ते म्हणाले. "आणि माझा कप अर्धाच भर."

मी अर्धाच भरला. तो संपला, तेव्हा उरलेला अर्धा ओतला.